पाण्याचा इंटरकूलर बसवायचा असेल तर

गाडी भरली की चढाला दम टाकते, मागे काळा धूर सोडते, एप्रिल-मेमध्ये तर वरच्या गिअरला टिकतच नाही. अशी तक्रार घेऊन पिकअपवाला गॅरेजसमोर उभा राहिला की कुणी ना कुणी सांगतंच, "पाण्याचा इंटरकूलर टाक, गाडी पळायला लागेल." चौफुल्यापासून शिक्रापूरपर्यंत हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. वस्तू चांगली आहे, त्यामागचं शास्त्रही खरं आहे. पण ती कुठल्या गाडीला आणि कुठल्या रस्त्याला लागू पडते, हा हिशेब सल्ला देणारा सांगत नाही. तो हिशेब आधी करू, पाना-पकड नंतर हातात घेऊ.

टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जाणारी हवा दाबून भरतो. हवा दाबली की तापते. आपला दौंड-शिरूरचा मुलूख समुद्रसपाटीपासून पाच-साडेपाचशे मीटरवर. बाहेर ४० अंश असताना टर्बोने एक बार दाब दिला, तर त्यातून निघणारी हवा साधारण १४० अंशांवर असते. तापलेली हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये वजनाने कमी मावते. तीच हवा त्याच दाबाला ६० अंशांपर्यंत थंड केली तर जवळजवळ पाव हिस्सा जास्त मावते. मग डिझेल नीट जळतं, धूर कमी होतो, एक्झॉस्टचं तापमान उतरतं आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो यांच्यावरचा ताण हलका होतो. इंटरकूलरचं काम एवढंच.

हे काम दोन तऱ्हांनी होतं. बहुतेक पिकअपना कंपनीकडूनच हवेने थंड होणारा इंटरकूलर येतो. समोरचा वारा त्याच्या पत्र्यांमधून जातो आणि आतली हवा गार करतो. दुसऱ्या तऱ्हेत टर्बोची हवा एका बंद डब्यातून, म्हणजे कोअरमधून जाते, त्या डब्यातल्या नळ्यांमधून पाणी फिरतं, आणि ते तापलेलं पाणी पुढच्या एका वेगळ्या छोट्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं. त्यासाठी पंप लागतो, टाकी लागते, वायरिंग लागतं.

ही दुसरी तऱ्हा दौंडला नवी नाही. विजेची इंजिनं येण्याआधी दौंड जंक्शनातून गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनात टर्बोची हवा पाण्यानेच गार व्हायची. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनलेलं ते १६ सिलिंडरचं, २६०० हॉर्सपॉवरचं धूड, आणि त्याच्या टर्बोनंतर हवेच्या वाटेत बसवलेला आफ्टरकूलर. रेल्वेत काम केलेल्या जुन्या फिटरांना तो चांगला ठाऊक आहे. जनरेटरवर हात काळे केलेल्यांना कमिन्सचं एनटीए ८५५ ठाऊक असेल. त्यातला 'ए' आफ्टरकूलरचाच. त्यात तर इंजिनाचंच ८०-९० अंशांचं पाणी फिरवतात, आणि १४०-१५० अंशांच्या हवेला तेही गारच वाटतं. मात्र रेल्वे इंजिन काय किंवा जनरेटर काय, दोन्हीकडे पाणी थंड करायला भलामोठा रेडिएटर आणि पंखा असतो. पिकअपच्या तोंडाला तेवढी जागा नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

२.५ लिटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीने चालताना टर्बोच्या हवेतून ८ ते ९ किलोवॉट उष्णता काढावी लागते. घरातले दोन किलोवॉटचे चार गिझर एकदम लावावेत, तेवढी. पाणी ही उष्णता नाहीशी करत नाही, फक्त बॉनेटखालून उचलून पुढे नेतं. पुढच्या रेडिएटरने ती वाऱ्यावर सोडली नाही तर पाणी तापत जातं. टाकीत दहा लिटर पाणी आहे आणि रेडिएटर नाहीच, असं धरलं तर पूर्ण लोडला ते दर मिनिटाला बारा-तेरा अंशांनी वाढेल. चार मिनिटांत तुमच्या इंटरकूलरचा बराचसा फायदा संपलेला असेल. "मोठी टाकी लावली की झालं" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा. टाकी मिनिटांची सोय करते, घाटाची नाही.

आता आपले रस्ते बघा. शिरूर किंवा केडगावहून कांदा भरून वाशीला निघालेली गाडी बोरघाट उतरते, चढत नाही. आळेफाटा-माळशेजमार्गे कल्याणला गेली तरी तेच, भरलेली गाडी उताराला. गुलटेकडीला जायचं तर दौंडहूनही आणि शिरूरहूनही रस्ता जवळजवळ सपाट. भरलेल्या गाडीला खरा चढ लागतो तो पनवेल-भिवंडीकडून माल घेऊन रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीला परतताना, साताऱ्याकडे जाताना खंबाटकीला, सासवडकडे दिवेघाटाला (जिथे माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात), आणि घरच्या घरी पाटसहून बारामतीकडे निघालं की रोटीच्या घाटाला. तुमची गाडी यांपैकी काहीच नियमित चढत नसेल, रोज बाजार आणि परत एवढंच तिचं काम असेल, तर ती ओढत नाही याचं कारण दुसरीकडे आहे.

ते बहुतेक वेळा आहे त्याच इंटरकूलरमध्ये सापडतं. बॉनेट उघडून टर्बोपासून इनटेकपर्यंतचा हवेचा मार्ग बोटाने चाचपत जा. होज पाइपाच्या तोंडाशी, क्लिपच्या खाली तेलकट काळपट ओल दिसली की तिथून दाबाची हवा सुटते आहे असं समजा. टर्बोच्या हवेत तेलाचा थोडा अंश असतो आणि गळतीच्या जागी तो धुळीबरोबर चिकटून बसतो. ॲक्सिलरेटर दाबताना शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज येतो का, तेही ऐका. खात्री करायची तर इंटरकूलर आणि त्याचे पाइप दोन्ही टोकांना बुचं घालून बंद करा, एका बुचाला टायरचा व्हॉल्व्ह बसवा आणि रेग्युलेटर लावून पंधरा ते वीस पीएसआय हवा भरा. जोडांवर साबणाचं पाणी ओता, फेस कुठे फुगतो ते दिसेल. बुचं क्लिपांनी पक्की आवळा आणि त्यांच्या समोर तोंड नेऊ नका. सुटलेलं बूच डोळा फोडतं. रेग्युलेटर नसलेल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर ही चाचणी करू नये.

बाहेरून इंटरकूलरची जाळीही बघा. आपल्या पट्ट्यात गळीत हंगामात रस्त्यावर उसाचं पाचट उडत असतं, गुऱ्हाळांच्या चिमण्यांची राख असते, एरवी मुरुमाची धूळ असतेच. इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असे तीन थर एकामागे एक असले की मधल्या फटीत हा कचरा दाबून बसतो. वरून सगळं स्वच्छ दिसतं, आत मात्र गादी झालेली असते. ती साफ करायला खर्च नाही, अर्धा दिवस जातो. मी तरी कुणालाही नवा इंटरकूलर सुचवायच्या आधी हा अर्धा दिवस घालवायला सांगतो.

एवढं करूनही ताकद कमी वाटली तर मोजा. थर्मोकपलचे दोन टोकवाले डिजिटल मीटर आता सहज मिळतात. एक टोक टर्बोच्या बाहेरच्या पाइपात, दुसरं इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाशी. सोबत दाबाचं गेज. गाडी नेहमीच्या वजनाने भरा आणि रोटीचा घाट चढवा. मॅनिफोल्डची हवा बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांपर्यंतच जास्त असेल तर तुमचा हवेचा इंटरकूलर उत्तम आहे, पाण्याचा टाकून काही मिळणार नाही. कारण पाण्याच्या व्यवस्थेत दोन पायऱ्या असतात: पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश गरम राहतं आणि टर्बोची हवा त्या पाण्यापेक्षा आणखी दहाएक अंश. चांगल्यात चांगली बसवली तरी बेरीज तेवढीच येते. फरक चाळीस-पन्नास अंशांचा दिसला तर मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

असा फरक मुख्यतः तीन प्रकारच्या गाड्यांत दिसतो. इंटरकूलरच नसलेल्या जुन्या टर्बो गाड्या. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या गाड्या, ज्यांना स्कॉर्पिओसारखं बॉनेटवर हवेचं तोंड असतं. वाघोलीच्या किंवा शिक्रापूरच्या कोंडीत वारा नाही आणि खालून इंजिन भाजतं, त्यामुळे तो इंटरकूलर हवा गार करायच्या ऐवजी तापवूनच देतो. आणि तिसऱ्या, समोर मोठा इंटरकूलर बसवायला जागाच उरलेली नाही अशा. यांतल्या दुसऱ्या प्रकाराला पाणी सगळ्यात जास्त मानवतं. कोंडीतून सुटून जोर लावायचा, पुन्हा थांबायचं, अशा तुकड्या-तुकड्यांच्या लोडला टाकीतलं गार पाणी खरोखर कामी येतं.

कागदाचं काय?

पैसे खर्च करायच्या आधीच हा भाग वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवतं. "आरसी बुकात इंटरकूलर कुठे छापलाय?" असं विचारणारे भेटतात. आरसीत नसेल, पण कंपनी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून इंजिनाची जी मान्यता घेते, तिच्या तपशिलात तो असतो. म्हणून आपल्या परिवहन कार्यालयात, शिरूरवाल्यांनी पुण्याला आणि दौंडवाल्यांनी बारामतीला, लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावं. विमा कंपनीलाही लेखी कळवावं, नाहीतर अपघातानंतर दावा मांडताना याच बदलावर बोट ठेवलं जाईल. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तेव्हा लपवालपवी फार काळ चालतही नाही.

१ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तिच्यात हवेचं तापमान, दाब, वजन मोजणारे सेन्सर, ईजीआर आणि धुराचा फिल्टर हे सगळं एका संगणकाच्या हिशेबावर चालतं. तुम्ही मधेच हवेचा मार्ग बदललात की आकडे जुळत नाहीत, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी स्वतःची ताकद काढून घेते. वॉरंटी जाते ती वेगळीच.

बसवताना

परवानगी आहे, गाडी जुनी आहे, मापांनी गरज दाखवली आहे, असं धरून पुढे चलू.

पैशाची वाटणी आधी ठरवा. लोक सगळा खर्च चकचकीत ॲल्युमिनियमच्या कोअरवर करतात आणि पुढे भंगारातला दुचाकीचा रेडिएटर बांधतात. इथेच फसगत होते. इंजिनाच्या रेडिएटरमध्ये पाणी ९० अंशांचं आणि वारा ४० चा, फरक पन्नासचा. इंटरकूलरच्या रेडिएटरमध्ये पाणी पंचावन्नचं आणि वारा तोच चाळीसचा, फरक जेमतेम पंधराचा. उष्णता फरकाच्या प्रमाणात सुटते, म्हणजे तेवढीच उष्णता टाकायला इथे तिप्पट रेडिएटर हवा. जागा देईल तेवढा मोठा घ्या. तो सगळ्यात पुढे, पहिला वारा लागेल असा, कंडेन्सरच्या समोर किंवा बंपरच्या आत खाली बसवा. खाली बसवलात तर दगड-चिखलापासून जाळी लावा. कोंडीत चालणाऱ्या गाडीला त्यामागे स्वतंत्र इलेक्ट्रिक पंखा आणि त्याला पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच हवाच. आणि हा रेडिएटर लावल्यावर मागच्या इंजिनाच्या रेडिएटरला मिळणारा वारा थोडा गरम होतो, हे विसरू नका. ज्या गाडीचा मूळ रेडिएटरच अर्धा तुंबलेला आहे ती या बदलानंतर तापू लागेल.

कोअर गाडीत चढवायच्या आधी पाण्याच्या बाजूला दीड-दोन बार हवा भरून टबात बुडवा. एक बुडबुडा जरी दिसला तरी परत द्या. हवेच्या वाटेतल्या इंटरकूलरमध्ये पाणी असणं हा या व्यवस्थेचा एकमेव गंभीर धोका आहे. कोअर फुटला तर उभ्या गाडीत पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, सकाळी सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

जागा निवडताना कोअर इंजिनावर बसवायचा की बॉडीवर, हे आधी ठरवा. इंजिन फाउंडेशनवर हलतं, बॉडी हलत नाही. कोअर बॉडीवर असेल तर हवेच्या होजांना ते हलणं सोसावं लागतं, तिथे फुगीर सांध्याचे मऊ होज घाला. इंजिनावर असेल तर हवेचे जोड शांत राहतात आणि पाण्याचे बारीक पाइप हलतात, ते त्यांना सहज जमतं. मात्र ब्रॅकेट मजबूत आणि रबर बुशावर हवं. टर्बोपासूनचा पाइप शक्य तितका आखूड ठेवा, एक्झॉस्टपासून लांब न्या, नाइलाज असेल तिथे उष्णतारोधक पट्टी गुंडाळा.

पाइपाच्या तोंडाला गोठ हवाच, म्हणजे कडेला उठवलेला गोल कंगोरा. गुळगुळीत तोंडावर होज कितीही आवळा, भरल्या चढाला एक दिवस निसटतो आणि गाडी काळा धूर ओकत थांबते. लेथवाल्याकडून गोठ मारून घ्या किंवा आर्गॉनने तार वेल्ड करून घ्या. होज चार-पाच थरांचे सिलिकॉनचे घ्या; टर्बोच्या गरम बाजूला तेल सोसणारं आतलं अस्तर असलेलेच, साधं सिलिकॉन तेलाने फुगून मऊ पडतं. क्लिपा रुंद पट्टीच्या, बोल्टवाल्या. आणि वेल्डिंग झाल्यावर प्रत्येक पाइप आतून धुऊन, ब्रश घालून, हवेने फुंकून साफ करा. ॲल्युमिनियमचा एक कीस इनटेकमधून आत गेला तर सिलिंडरला ओरखडा पाडतो. आधीचा टर्बो बेअरिंग जाऊन मेला असेल तर जुन्या पाइपांत साचलेलं तेलही काढून टाका. ते तेल इंजिनाने ओढलं तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही.

कॉमन रेल गाडीत मॅनिफोल्डजवळचा दाब-तापमानाचा सेन्सर नव्या कोअरच्या नंतरच राहिला पाहिजे. तो चुकून आधी आला तर संगणकाला गरम हवेचा आकडा मिळतो आणि तुम्ही केलेला सगळा फायदा तो डिझेल कमी करून टाकून देतो.

पाण्याचा मार्ग इंजिनाच्या कूलंटपासून पूर्ण वेगळा ठेवा. हीटरच्या पाइपातून टी काढून काम उरकणारे आहेत. त्यांना ९० अंशांचं पाणी मिळतं आणि ते तुमच्या हवेला शंभराच्या खाली फारसं येऊ देत नाही. क्रम असा: टाकी, तिच्याखाली पंप, पंपातून कोअर, कोअरमधून पुढचा रेडिएटर, तिथून परत टाकी. कोअरमध्ये पाणी खालून शिरून वरून निघालं पाहिजे म्हणजे हवा अडकत नाही. टाकी आणि तिचं झाकण सगळ्यात उंचावर, पंप सगळ्यात खाली. पंपात आपोआप पाणी भरलेलं राहील अशी रचना असली पाहिजे, कोरडा फिरला तर तो काही मिनिटांत जातो.

पंप बारा व्होल्टचा, ब्रशलेस, सतत चालायला बनवलेला, मिनिटाला पंधरा-वीस लिटर प्रत्यक्ष पाइपातून फिरवणारा घ्या. डब्यावर छापलेला आकडा मोकळ्या तोंडाचा असतो, कोअर आणि रेडिएटरमधून जाताना तो बराच घटतो. बसवल्यावर परतीचा पाइप काढून बादलीत धरा आणि घड्याळ लावून मोजा. पंधरा लिटर फिरत असतील तर पूर्ण लोडला पाणी एका फेरीत आठ-नऊ अंशांनी वाढेल, ते चालतं. सहा-सात लिटरच भरले तर वाढ दुप्पट होते.

वायरिंग घाईत होतं आणि पुढे तेच दगा देतं. पंपाला बॅटरीपासून स्वतंत्र वायर, फ्यूज आणि इग्निशनवर चालणारा रिले द्या. अर्थिंग रंगावर नको, पत्रा घासून उघड्या धातूवर बोल्टने. पंखा असेल तर त्याचा रिले आणि फ्यूज वेगळा. पंप चावी चालू असेपर्यंत चालूच राहू द्या. आणि ड्रायव्हरच्या समोर पाण्याच्या तापमानाचं गेज लावा, शक्य तर ठरावीक तापमानाला वाजणारा बझर. हवेचा इंटरकूलर बिघडला तर हळूहळू बिघडतो. पाण्याचा पंप मात्र एका क्षणात थांबतो आणि ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. धूर वाढला तरी भरल्या गाडीच्या आरशात तो दिसत नाही.

पाणी कुठलं?

हा प्रश्न शहरात कुणी विचारणार नाही, आपल्याकडे विचारावा लागतो. मुठा उजव्या कालव्याखालचा दौंडचा बागायत पट्टा काय किंवा चासकमान आणि घोडच्या कालव्याखालचा शिरूरचा भाग काय, बोअरचं पाणी क्षाराचं. घरातल्या नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तोच कोअरच्या बारीक नळ्यांत बसेल आणि उष्णता अडवेल. डिस्टिल्ड वॉटरच घ्या, बॅटरीवाल्याकडे मिळतं. त्यात ॲल्युमिनियमला चालणारा तयार कूलंट डब्यावर सांगितलेल्या किमान प्रमाणात मिसळा. तो गोठू नये म्हणून नव्हे, आपल्याकडे पाणी गोठत नाही; गंज आणि झीज थांबवण्यासाठी. निम्मानिम्मा घालायची गरज नाही, कूलंट जितका जास्त तितकी पाण्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी. दोन रंगांचे कूलंट एकमेकांत मिसळू नका.

भरल्यावर झाकण उघडं ठेवून पंप चालवा, पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे संपेपर्यंत पाणी टाकत राहा. मग गाडी रिकामी चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा पातळी बघा. मग गाडी नेहमीच्या वजनाने भरून तोच रोटीचा घाट, तेच मीटर, तोच वेग. आधीचे आकडे वहीत असतील तरच आताच्या आकड्यांना अर्थ. मॅनिफोल्डची हवा उतरली आहे पण दाबही खूप पडला आहे, असं दिसलं तर कोअर लहान पडतोय किंवा पाइपाला नको तिथे वळणं आहेत. दाबातली घट एक-दशांश बारच्या आसपास राहावी.

पुढे रोज सकाळी टाकीचं झाकण उघडून पाहायची सवय लावा. गाडी चालताना टर्बोचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून कोअरला बारीक चीर पडली की आधी हवा पाण्यात घुसते: टाकीत बुडबुडे येतात, झाकणातून पाणी बाहेर फेकलं जातं. गाडी थांबली की उलटं होतं, पाणी हवेच्या बाजूला झिरपतं. तेव्हा बाहेर कुठेही ओल नाही आणि पातळी मात्र उतरते आहे, असं दिसलं तर सेल्फ मारू नका. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी निघतं का बघा, मग कोअर काढा.

हवा गार झाली, ताकद थोडी आली की पुढचा मोह ठरलेला: डिझेल पंपाचं सेटिंग वाढवून घ्यायचं किंवा कुणाकडून तरी रीमॅप मारून घ्यायचा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंटरकूलरमुळे डिझेल आपोआप वाढत नाही, म्हणून मालकाला फरक अपेक्षेपेक्षा कमी वाटतो आणि तो स्क्रू फिरवायला सांगतो. फिरवू नका. इंटरकूलरने एक्झॉस्टचं तापमान जेवढं उतरवलं तेवढं वाढीव डिझेल परत चढवतं, आणि क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळे मूळ ताकदीसाठीच बनलेले असतात. गाडीच्या क्षमतेबाहेर गोण्या लादल्यामुळे ती ओढत नसेल तर त्यावर इंटरकूलर हा इलाज नाही, दोन खेपा करणं हाच आहे.

देखभाल फार नाही, पण नियमाने. गळीत हंगामात आठवड्याला आणि एरवी महिन्याला पुढचे सगळे थर साफ करा. पाणी मागून पुढे, कमी दाबाने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने समोरून मारलं की पत्र्या आडव्या पडतात आणि वारा कायमचा अडतो. होजांच्या क्लिपा पहिल्या आठवड्यानंतर एकदा पुन्हा आवळा. कूलंट दोन वर्षांनी बदला, डब्यावर कमी मुदत लिहिली असेल तर तेवढ्यात. पंपाच्या मापाचे दोन फ्यूज आणि एक रिले डॅशबोर्डच्या खणात ठेवा, आणि ते कुठे बसतात हे ड्रायव्हरला हाताने करून दाखवा. पंप बंद पडलाच तर गाडी सोडून द्यायची गरज नाही. लोड कमी ठेवून, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर न दाबता, गावापर्यंत आणता येते.